मशीन आणि होस्टचं बोलणं वाचायला शिका: सोलापुरातून एसईसीएस-जेमची सुरुवात

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात पाळी बदलायच्या वेळी गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. सुपरवायझर वही घेऊन मागामागाने फिरत असतो. काउंटरवरचा आकडा लिहितो, माग किती वेळ बंद होता ते कारागिराला विचारतो आणि पुढच्या मागाकडे जातो. माग तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर प्रत्येकाचं पॅनेल वेगळं आणि आकडा दाखवायची तऱ्हाही वेगळी. पन्नास मागांपर्यंत वही पुरते.

आता चिप बनवणारा कारखाना, म्हणजे फॅब, डोळ्यांसमोर आणा. तिथे एकेका वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ गोल चकतीवर, शेकडो प्रक्रिया होतात. मशीन एएसएमएल, अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च, टोकियो इलेक्ट्रॉन अशा निरनिराळ्या कंपन्यांची असतात. कुठल्या वेफरवर, कधी, कुठल्या रेसिपीने, म्हणजे प्रक्रियेच्या ठरवलेल्या कृतीने, किती तापमानाला काय झालं याची नोंद कारखान्याच्या मुख्य संगणकाकडे, म्हणजे होस्टकडे, आपोआप जावी लागते. प्रत्येक मशीनची भाषा निराळी राहिली असती तर होस्टला प्रत्येकासाठी वेगळा दुभाष्या ठेवावा लागला असता. म्हणून १९७० साली स्थापन झालेल्या सेमी या उद्योगसंघटनेने सर्वांसाठी एक भाषा ठरवली. तिलाच आज एसईसीएस-जेम म्हणतात.

माझ्याकडे रविवारी जुळे सोलापुरात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची काही मुलं येतात. साणंद, धोलेरा इथल्या चिप प्रकल्पांच्या बातम्या ती वाचतात आणि विचारतात, "सर, सोलापुरात फॅब नाही, मग हे शिकायचं कुठे?" माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन जुने लॅपटॉप आणि एक राउटर असेल तर घरी. या कामातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य मशीन आणि होस्टमधला संवाद बाइट-बाइट वाचता येणं हे आहे आणि त्यासाठी चिपच्या कारखान्यातली धूळविरहित क्लीनरूम लागत नाही. पुढच्या पायऱ्या मी त्यांना शिकवतो त्याच क्रमाने लिहितो आहे.

पायरी १: चार नावं आणि त्यांची कामं

मानकांचे क्रमांक पाहून मुलं घाबरतात. सुरुवातीला चारच पुरेत.

ई४ म्हणजे एसईसीएस-एक, १९८० सालचं. आरएस-२३२ या सीरियल केबलवरून निरोप कसा पाठवायचा, ते यात आहे. एका वेळी एकच बाजू बोलते. बोलायचं असलेली बाजू ५ हा बाइट पाठवून "बोलू का?" विचारते, समोरची ४ पाठवून "बोल" म्हणते. निरोप नीट पोचला तर ६, बिघडला तर २१. एका तुकड्यात जास्तीत जास्त २४४ बाइट मजकूर मावतो. जुन्या मशीनवर हे अजून भेटतं, पण शिकताना यात फार दिवस घालवू नका.

ई५ म्हणजे एसईसीएस-दोन, १९८२ सालचं. निरोपाच्या आत काय लिहायचं, म्हणजे शब्द आणि व्याकरण, ते यात आहे. खरा अभ्यास याचाच.

ई३० म्हणजे जेम, १९९२ सालचं. शब्द हाताशी आले तरी मशीनने कुठल्या प्रसंगी कसं वागायचं, हे उरतंच. ऑनलाइन कधी व्हायचं, घटना कशी कळवायची, होस्टचा हुकूम कधी नाकारायचा, हे सगळं जेम सांगतं.

ई३७ म्हणजे एचएसएमएस, १९९४ सालचं. सीरियल केबलच्या जागी इथरनेट आणि टीसीपी-आयपी आलं. आज नव्या मशीनवर बहुतेक हेच असतं. तेव्हा आपलं शिक्षण ई३७, ई५, ई३० या क्रमाने चालेल.

पायरी २: घरातली प्रयोगशाळा

एका लॅपटॉपला कागद चिकटवून "मशीन" लिहा, दुसऱ्याला "होस्ट". वरवर बालिश वाटेल, पण पहिले दोन आठवडे कोण कोणाशी बोलतंय याचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. मशीनला स्थिर आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०, आणि पोर्ट ५००० ठेवा. पायथनमध्ये यासाठी एक मोफत, मुक्त स्रोत लायब्ररी आहे. तिचं नाव एसईसीएस आणि जेम ही अक्षरं जोडूनच बनलं आहे. तिच्यात होस्ट आणि मशीन या दोन्ही बाजू तयार मिळतात. सोबत वायरशार्क बसवा, म्हणजे केबलवरून जाणारा प्रत्येक बाइट दिसेल.

जोडणी झाली नाही तर आधी विंडोजची फायरवॉल पाहा. माझ्याकडच्या दर दुसऱ्या मुलाचा पहिला रविवार तिथेच अडतो. मग पिंग करा. पिंग जात असेल आणि तरी जोडणी नसेल, तर मशीनच्या बाजूचा प्रोग्रॅम पोर्टवर खरंच ऐकत बसलाय का ते बघा.

एचएसएमएसमध्ये एक बाजू ॲक्टिव्ह असते, एक पॅसिव्ह. पॅसिव्ह बाजू पोर्ट उघडून वाट पाहते, ॲक्टिव्ह बाजू फोन लावते. प्रथेप्रमाणे मशीन पॅसिव्ह आणि होस्ट ॲक्टिव्ह. दोघंही पॅसिव्ह ठेवले तर दोघंही दिवसभर एकमेकांची वाट पाहत बसतील आणि पडद्यावर एकही चूक दिसणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: नेहमीच्या एकसत्री एचएसएमएसमध्ये मशीन एका वेळी एकाच होस्टशी जोडलं जातं. कारखान्यात चाचणीसाठी आपला लॅपटॉप जोडायचा असेल तर खरा होस्ट आधी सोडवावा लागतो आणि तो सोडवण्याआधी पाळीच्या प्रमुखाची परवानगी घ्यावी लागते.

पायरी ३: पहिले चौदा बाइट

या पायरीला पूर्ण एक दिवस द्या. टीसीपी जोडणी झाली की होस्ट पहिला निरोप पाठवतो, त्याला सिलेक्ट रिक्वेस्ट म्हणतात. वायरशार्क बाइट षोडशमानात दाखवेल, मी सोयीसाठी दशमानात लिहितो:

० ० ० १० | २५५ २५५ ० ० ० १ | ० ० ० १

पहिले चार बाइट लांबी सांगतात: पुढे १० बाइट आहेत. ते दहा म्हणजे हेडर. २५५ २५५ हा नियंत्रण-निरोपासाठीचा सत्र क्रमांक. त्यानंतरचे दोन बाइट इथे शून्य आहेत, त्यांचं काम पुढे कळेल. मग एक शून्य आणि मग १. हा १ म्हणजे निरोपाचा प्रकार: सिलेक्ट रिक्वेस्ट. उत्तरात याच जागी २ येईल. लिंकटेस्टची, म्हणजे जोडणी जिवंत आहे का याची, विचारणा ५, तिचं उत्तर ६, आणि जोडणी तोडतो आहे असं सांगणारा सेपरेट ९. शेवटचे चार बाइट पावती क्रमांकासारखे आहेत, त्यांना सिस्टिम बाइट म्हणतात. उत्तर देणारा तेच चार बाइट जसेच्या तसे परत पाठवतो, म्हणून एका वेळी दहा प्रश्नांची उत्तरं यायची असली तरी कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते कळतं.

सिलेक्ट पार पडेपर्यंत कामाचं काही बोलता येत नाही. होस्टने टीसीपी जोडणी करून सिलेक्ट पाठवलंच नाही, तर टी-७ नावाचं घड्याळ संपल्यावर, सहसा १० सेकंदांनी, मशीन जोडणी तोडून टाकतं. हे मुद्दाम करून पाहा. टेलनेटने पोर्टला जोडा आणि गप्प बसा.

पायरी ४: प्रश्न विषम, उत्तर सम

आता खरा संवाद. प्रत्येक निरोपाला दोन आकडे असतात. स्ट्रीम म्हणजे विषय आणि फंक्शन म्हणजे त्या विषयातला नेमका निरोप. एस१एफ१३ म्हणजे स्ट्रीम १, फंक्शन १३. विषम फंक्शन हा सुरुवातीचा निरोप, त्याच्या पुढचा सम आकडा त्याचं उत्तर. एस१एफ१३ चं उत्तर एस१एफ१४. शून्य फंक्शन म्हणजे "हा व्यवहार रद्द".

विषयांची वाटणी तोंडपाठ होते. १ मशीनची स्थिती, २ नियंत्रण, ५ अलार्म, ६ मशीनने पाठवलेली माहिती, ७ रेसिपी, ९ निरोपातल्या चुका, १० पडद्यावरचा मजकूर.

एस१एफ१३ म्हणजे "आपलं बोलणं सुरू करू या". होस्टकडून तो असा जातो:

० ० ० १२ | ० ० १२९ १३ ० ० ० ० ० २ | १ ०

लांबी १२. मग मशीनचा क्रमांक ०. पुढचा १२९ पाहून मुलं अडखळतात, कारण स्ट्रीम तर १ आहे. १२९ म्हणजे १२८ अधिक १. त्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट "मला उत्तर हवंय" एवढंच सांगतो. उरतो १, तीच स्ट्रीम. त्यानंतरचा १३ म्हणजे फंक्शन. शेवटचे १ आणि ० हा निरोपाचा मजकूर: १ म्हणजे यादी, ० म्हणजे रिकामी.

मशीनचं उत्तर एस१एफ१४ मध्ये दोन घटकांची यादी असते. पहिला घटक होकार किंवा नकार: ३३ १ ०. यातला ३३ म्हणजे बायनरी प्रकार, १ म्हणजे एक बाइट, ० म्हणजे मान्य. दुसरा घटक पुन्हा एक यादी, तिच्यात मशीनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. अक्षरांच्या मजकुराआधी ६५ येतो.

हे आकडे येतात कुठून? प्रत्येक घटकाच्या पहिल्या बाइटमधले वरचे सहा बिट प्रकार सांगतात आणि खालचे दोन बिट पुढे लांबीचे किती बाइट आहेत ते सांगतात. बायनरीचा प्रकार ८. त्याला चारने गुणलं की ३२, लांबीचा एक बाइट म्हणून अधिक १, झाले ३३. अक्षरांचा प्रकार १६, म्हणून ६५. वहीत असे वीस घटक हाताने उलगडा. लायब्ररी हे क्षणात करते, पण लायब्ररी गप्प बसेल त्या दिवशी हाताने उलगडलेलंच उपयोगी पडतं.

ते मला कसं पटलं ते सांगतो. होस्टचं सॉफ्टवेअर लिहायचं माझं ते पहिलं काम. मशीन घटनेचा क्रमांक दोन बाइटच्या पूर्णांकात पाठवत होतं. १००१ ही घटना असेल तर १६९ २ ३ २३३. मी गृहीत धरलं की ते कायम तसंच पाठवणार. काही महिन्यांनी मशीनचं सॉफ्टवेअर बदललं आणि तीच घटना १७७ ४ ० ० ३ २३३ अशी, चार बाइटच्या पूर्णांकात येऊ लागली. क्रमांक तोच, फक्त प्रकार निराळा. माझ्या प्रोग्रॅमला तो ओळखू येईना, त्याने तो निरोप बाजूला टाकला. पोचपावती मात्र लायब्ररी आपोआप देत होती, म्हणून मशीनच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. कुठेच अलार्म नाही. रात्रपाळीच्या नोंदीच नाहीत, हे सकाळी कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक घटकाचा प्रकार आधी वाचतो, मग मूल्य. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हेच करा.

पायरी ५: मशीन कोणाच्या ताब्यात?

बोलणं सुरू झालं म्हणून होस्ट मालक झाला असं नाही. जेममध्ये मशीन ऑफलाइन असतं किंवा ऑनलाइन, आणि ऑनलाइनमध्ये पुन्हा लोकल किंवा रिमोट. लोकलमध्ये होस्ट माहिती घेऊ शकतो, पण मशीन चालवणारा माणूस पॅनेलसमोर उभा असतो. रिमोटमध्ये होस्ट स्टार्ट, स्टॉप असे हुकूम देऊ शकतो.

होस्ट एस१एफ१७ पाठवून "ऑनलाइन ये" म्हणतो. उत्तरात ० म्हणजे आलो, १ म्हणजे परवानगी नाही, २ म्हणजे आधीच आहे. ऑपरेटरने पॅनेलवरून मशीन ऑफलाइन ठेवलं असेल तर होस्टला १ च मिळणार, आणि ते अगदी योग्य आहे. आत कोणी हात घालून दुरुस्ती करत असेल. नकार टाळायला आडवाट शोधू नका, ऑपरेटरला फोन करा. ऑफलाइन मशीनला दुसरं काही विचारलंत तर ते फंक्शन शून्य पाठवून व्यवहार रद्द करेल. नवख्यांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नाही.

पायरी ६: घटना आणि अहवाल

माझ्या मते जेमचा जीव इथे आहे. मशीनमध्ये शेकडो चलमूल्यं असतात: तापमान, दाब, वेफरचा क्रमांक. शेकडो घटना असतात: वेफर आत आलं, प्रक्रिया सुरू झाली, संपली. कुठल्या घटनेला कुठली मूल्यं पाठवायची हे मशीन बनवणारा ठरवत नाही, होस्ट ठरवतो, तेही मशीन चालू असताना. इतक्या जुन्या मानकात हे स्वातंत्र्य आहे याचं मला आजही कौतुक वाटतं.

काम तीन निरोपांत होतं. एस२एफ३३ ने अहवाल ठरवायचा: अहवाल १ मध्ये तापमान आणि दाब. एस२एफ३५ ने तो घटनेला जोडायचा: प्रक्रिया संपली की अहवाल १ द्यायचा. एस२एफ३७ ने ती घटना चालू करायची. यानंतर प्रक्रिया संपली की मशीन स्वतःहून एस६एफ११ पाठवतं, त्यात घटनेचा क्रमांक आणि अहवालातली मूल्यं. होस्ट एस६एफ१२ ने पोच देतो.

पहिल्यांदा हे व्यवस्थित चालेल. दुसऱ्या दिवशी होस्ट पुन्हा सुरू केलात की एस२एफ३३ ला नकार येईल, उत्तरात ३. म्हणजे या क्रमांकाचा अहवाल आधीच ठरलेला आहे. होस्ट बंद झाला तरी मशीनने कालचे अहवाल जपून ठेवलेले असतात. म्हणून दरवेळी आधी पाटी कोरी करा: एस२एफ३७ मध्ये "बंद" आणि रिकामी यादी पाठवली की सगळ्या घटना बंद होतात, एस२एफ३३ मध्ये रिकामी यादी पाठवली की सगळे अहवाल आणि त्यांच्या जोडण्या पुसल्या जातात. मग नव्याने ठरवा, जोडा, चालू करा. उत्तरात ४ आलं तर तुम्ही मागितलेला चलक्रमांक त्या मशीनमध्ये नाही. मशीनसोबत आलेलं जेमचं पुस्तक काढा आणि क्रमांक तपासा. तिथले क्रमांक आणि प्रत्यक्ष मशीनमधले क्रमांक जुळत नाहीत असंही होतं, तेव्हा एस१एफ११ ने मशीनलाच स्थितीच्या चलांची यादी मागा. मशीनने स्वतः दिलेली यादी खरी धरायची.

पायरी ७: हुकूम, रेसिपी, अलार्म

एस२एफ४१ ने होस्ट हुकूम देतो. उत्तरात ० म्हणजे केलं, १ म्हणजे असा हुकूमच नाही, २ म्हणजे आत्ता जमणार नाही. ४ कडे नीट लक्ष द्या: हुकूम स्वीकारला आहे, काम पुढे होईल आणि झाल्यावर घटनेतून कळेल. ४ ला "झालं" समजून पुढचा हुकूम दिला की गाडी रुळावरून घसरते.

रेसिपीचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. जॅकार्डच्या मागावर कुठली कार्डं चढवली त्यावर चादरीवर कुठली नक्षी उठणार ते ठरतं. मशीनची रेसिपी तशीच. चुकीची कार्डं लागली तर एक चादर वाया जाते. चुकीची रेसिपी लागली तर एका डब्यातली २५ वेफर जाऊ शकतात. एस७एफ१९ ने मशीनमधल्या रेसिपींची यादी मिळते, एस७एफ५ ने एखादी मागता येते, एस७एफ३ ने पाठवता येते. प्रक्रिया सुरू करण्याआधी होस्टने रेसिपीचं नाव पडताळून पाहावं.

अलार्म एस५एफ१ मधून येतो आणि एकाच अलार्मचा निरोप दोनदा येतो, लागल्यावर आणि सुटल्यावर. अलार्मच्या कोडमधला वरचा बिट चढलेला असेल, म्हणजे आकडा १२८ किंवा जास्त असेल, तर लागला. नाही तर सुटला.

पायरी ८: मुद्दाम बिघडवा

सगळं चालू झालं की केबल उपटा. हा माझा आवडता रविवार. होस्टने प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायचं ते टी-३ हे घड्याळ ठरवतं, सहसा ४५ सेकंद. तुटलेली जोडणी पुन्हा लावण्याआधी किती थांबायचं ते टी-५, सहसा १० सेकंद. कोणतं घड्याळ आधी वाजतं ते लॉगमध्ये शोधा.

होस्ट नसताना मशीनचं काम थांबत नाही, घटना घडतच राहतात. स्पूलिंग चालू असेल तर मशीन ते निरोप साठवून ठेवतं. वीज गेली तरी पुसले जाणार नाहीत अशा जागी. होस्ट परतला की एस६एफ२३ पाठवतो: ० म्हणजे साठलेलं पाठव, १ म्हणजे टाकून दे. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जाते तेव्हा मुलं होस्टचा लॅपटॉप बंद होऊ देतात, मशीनचा बॅटरीवर चालू ठेवतात आणि लाइट आल्यावर निरोपांचा क्रम तपासतात. साठलेले निरोप आणि ताजे निरोप वेगळे ओळखू यावेत म्हणून अहवालात वेळेचं चल नेहमी घ्या.

मग चुकीचे निरोप पाठवा. अस्तित्वात नसलेली स्ट्रीम पाठवली की एस९एफ३ येईल, फंक्शन चुकलं तर एस९एफ५, मजकुराची रचना चुकली तर एस९एफ७. स्ट्रीम ९ चे हे तिन्ही निरोप सोबत मूळ निरोपाचं दहा बाइटचं हेडर परत आणतात. तिसऱ्या पायरीवर घालवलेला दिवस इथे कामी येतो.

या प्रयोगांत एक गोष्ट दिसेल: कुठेही पासवर्ड नाही, मजकूर उघडा जातो. एचएसएमएस ज्या काळात घडलं तेव्हा कारखान्याचं जाळं बंदिस्तच असायचं. आजही मशीनचं जाळं ऑफिसच्या वायफायपासून आणि इंटरनेटपासून पूर्ण वेगळं ठेवा. याबाबतीत कोणाचीही गैरसोय ऐकून घेऊ नका.

यापुढे

इथवर आलात की ३०० मिलिमीटर वेफरच्या कारखान्यांची मानकं उघडा: डब्यांची ये-जा सांभाळणारं ई८७, प्रक्रियेचं काम ठरवणारं ई४०, त्या कामांचा क्रम लावणारं ई९४, प्रत्येक वेफरचा माग ठेवणारं ई९०. ही सगळी तुम्ही शिकलेल्या घटना आणि अहवालांवरच उभी आहेत. सौरपॅनेलच्या कारखान्यांसाठीही सेमीने पीव्ही२ हे मानक जेमवरच बेतलं आहे, त्यामुळे नोकरी फक्त चिपच्याच कारखान्यात शोधायला हवी असं नाही.

मानकांच्या मूळ प्रती सेमीकडून विकत घ्याव्या लागतात. शिकत असताना तो खर्च करू नका. नोकरीत कंपनी त्या देते.

मुलाखतीला हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालात, तर आपल्या दोन लॅपटॉपमधल्या संवादाचा दोन पानी लॉग छापून सोबत न्या. सिलेक्टपासून पहिल्या एस६एफ११ पर्यंतचा, प्रत्येक बाइटखाली पेन्सिलीने अर्थ लिहिलेला. समोरच्याने कुठल्याही ओळीवर बोट ठेवावं आणि तुम्हाला ती सांगता यावी, एवढी तयारी घरातच होते.